साडेसहाच्या पुढे जाताना: पत्र-निबंध तपासून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील नोकरी सांभाळून मी पहिल्यांदा इंग्रजीची पातळी मोजणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार दिला, तेव्हा नऊपैकी श्रवणात ८, वाचनात ७.५, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ असा निकाल हाती आला. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या एक्सप्रेस एन्ट्री या योजनेतून प्रयत्न करणाऱ्यांना या अर्ध्या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. सीएलबी ९ ही कॅनडाच्या मोजपट्टीवरील भाषापातळी गाठण्यासाठी श्रवणात ८ आणि उरलेल्या तिन्ही कौशल्यांत प्रत्येकी ७ लागतात, आणि एकाच कौशल्यात कमी पडले तरी शिक्षण व अनुभव यांना जोडून मिळणाऱ्या वाढीव गुणांतील काही भागावर पाणी सोडावे लागते. या प्रकारात लेखनासाठी एक पत्र आणि एक निबंध लिहायचा असतो, म्हणून दुसऱ्या प्रयत्नापूर्वी मी केवळ पत्रे आणि निबंध तपासून देणारी एक सशुल्क सेवा घेतली. हे परीक्षण तिचे आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण ती एकट्याने चालवणाऱ्या निवृत्त प्राध्यापिकांनी नाव कोठेही प्रसिद्ध करू नये असे आरंभीच बजावले होते. त्यांच्याकडे विद्यार्थी एकमेकांच्या सांगण्यावरूनच येतात.

सेवेचे स्वरूप साधे आहे. सहा हजार रुपयांत वीस लेखनांची तपासणी मिळते: आठ पत्रे आणि बारा निबंध. ठरलेल्या वेळी फोनवर प्रश्न येतो, कागदावर उत्तर लिहून त्याची छायाचित्रे नेमून दिलेल्या मिनिटांत परत पाठवायची असतात, आणि दोन दिवसांत त्याच पानांवर हिरव्या शाईने केलेली तपासणी आपल्याकडे येते. पत्राला वीस मिनिटे आणि निबंधाला चाळीस, ही परीक्षेत सुचवलेलीच विभागणी येथे काटेकोरपणे पाळली जाते. मी एकदा सात मिनिटे उशिरा पाठवलेला निबंध न तपासताच परत आला आणि वीसांतून एक वजाही झाला. त्या दिवशी राग आला होता. आज मी तो नियम सेवेच्या जमेच्या बाजूला धरतो.

त्याआधी मी शहरातील एका मोठ्या क्लासमध्ये दोन महिने काढले होते. तेथे पहिल्याच दिवशी एक बाड हाती ठेवले गेले, ज्यात प्रत्येक प्रकारच्या निबंधासाठी तयार वाक्यांचे सांगाडे होते आणि रिकाम्या जागी विषयाचे नाव तेवढे भरायचे होते. असा सांगाडा पाठ केला की अडीचशे शब्द भराभर होतात, हे खरे. परंतु परीक्षकांसाठीचे जे गुणनिकष सर्वांना वाचायला मोफत उपलब्ध आहेत, ते चाळले तरी लक्षात येते की घोकलेल्या मजकुराला तेथे किंमत नाही. लेखन चार कसोट्यांवर तपासले जाते: प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकता. चारही कसोट्यांचे वजन सारखे आहे, मात्र निबंधाचे एकूण वजन पत्राच्या दुप्पट आहे. सांगाडा पहिल्याच कसोटीवर कोसळतो, कारण तो प्रश्न वाचण्यापूर्वीच लिहून ठेवलेला असतो.

प्राध्यापिकाबाईंच्या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान मला पत्रांच्या तपासणीत दिसले, आणि त्याचे कारण असे की मराठी माध्यमातून शिकलेला माणूस पत्रात कोठे चुकतो हे त्यांना आतून ठाऊक आहे. माझे पहिले पत्र राहत्या इमारतीतील पाण्याच्या गळतीबद्दल घरमालकाला लिहायचे होते. मी उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहिला, त्याखाली दिनांक, मग ‘विषय’ असा ठळक मथळा, आणि ‘पत्र लिहिण्यास कारण की’ या आपल्या शाळकरी वाक्याचे शब्दशः इंग्रजी करून सुरुवात केली. पत्ते लिहिण्याची गरज नाही, अशी स्पष्ट सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. शेऱ्यात एवढेच होते: ‘चार मिनिटे आणि तीस शब्द वाया. यातल्या एकाही शब्दाला गुण नाही.’ पुढच्याच ओळीत त्यांनी प्रश्नाखालचे तीन मुद्दे पुन्हा उतरवून काढले होते आणि त्यांपैकी तिसऱ्यासमोर, म्हणजे घरमालकाने नेमके काय करावे या मुद्द्यासमोर, मोठे शून्य काढले होते. मी गळतीचे वर्णन इतके रंगवले होते की मागणी लिहायलाच विसरलो होतो.

मायन्याबद्दल आपण मराठी माणसे काटेकोर असतो. वडिलांना तीर्थरूप, परक्या गृहस्थांना स. न. वि. वि., शेवटी लोभ असावा ही विनंती. कोणाला काय लिहायचे याचे संकेत आपल्याकडे ठरलेले आहेत. इंग्रजी पत्रातही ते आहेत, फक्त थोडे. नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. नावानिशी लिहिले तर शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. हे अर्ध्या तासात पाठ होते. खरी अडचण मायना आणि समारोप यांच्या मधल्या भागात आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून एक शब्द निवडला की अर्धा आदर तेथेच व्यक्त होतो, आणि उरलेला ‘जरा’ या एका शब्दाने होतो. इंग्रजीत सर्वांना एकच ‘यू’ असल्यामुळे ते सारे काम वाक्याच्या घडणीला करावे लागते. शेजाऱ्याला रात्रीच्या गोंगाटाबद्दल लिहिलेल्या माझ्या पत्रात ‘यू मस्ट स्टॉप’ असे होते. मराठीत विचार करताना मनात ‘तुम्ही जरा बंद केलेत तर बरे होईल’ असेच होते, परंतु भाषांतराच्या वाटेवर ‘जरा’ गळून पडला आणि उरला नुसता हुकूम. बाईंनी त्या वाक्याखाली ‘आय वॉज वंडरिंग इफ’, ‘वुड इट बी पॉसिबल टू’ आणि ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ’ अशी तीन रूपे एकाखाली एक लिहून, कोणते मित्राला, कोणते शेजाऱ्याला आणि कोणते कार्यालयाला शोभेल ते सांगितले. पत्राच्या गुणनिकषांत सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राखण्याला महत्त्व आहे, आणि माझा सूर आरंभी विनवणीचा, मध्यावर दरडावणीचा असा हेलकावत होता, हे मला इतक्या नेमकेपणाने आधी कोणी दाखवले नव्हते.

याच्या उलट चूक मित्राला लिहिलेल्या पत्रात झाली. ‘मी येथे कुशल असून तूही कुशल असशील अशी आशा आहे’ याचे जे भारदस्त इंग्रजी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, ते मी पहिल्याच ओळीत वापरले. बाईंचा शेरा: ‘हा मित्र आहे की जिल्हाधिकारी?’ असे शेरे त्या क्वचितच देतात, पण देतात तेव्हा विसरता येत नाहीत.

निबंधांची तपासणी अधिक कठोर आहे. खाजगी वाहनांवरील कर वाढवून शहरांतील वाहतूक कमी करावी, या मताशी आपण कितपत सहमत आहोत, असा प्रश्न होता. मी ‘आजच्या धावपळीच्या युगात’ या धाटणीचे एक प्रशस्त वाक्य, मग चार कारणे, प्रत्येक कारणाला एकेक वाक्य, आणि शेवटी दोन्ही बाजूंना खूश ठेवणारा समारोप असा निबंध लिहिला. परत आला तेव्हा पहिले वाक्य पूर्ण खोडलेले होते, चारपैकी तीन कारणेही खोडलेली होती आणि उरलेल्या एकापाशी ‘कसे?’ हा एकच शब्द पाच वेळा लिहिला होता. कर वाढला की माणूस बसमध्ये बसेल, हे मी गृहीत धरले होते. पण बस वेळेवर नसेल तर तो कर भरून मोटारसायकलच काढील, हा माझ्या रोजच्या प्रवासातला अनुभव मी निबंधात आणलाच नव्हता. स्वतःच्या माहितीतील किंवा अनुभवातील उदाहरणे द्या, असे निबंधाच्या प्रश्नातच सांगितलेले असते. तोच निबंध पुन्हा लिहिताना मी दोनच कारणे घेतली, सातपूरहून घरी परतण्याचा अनुभव चार वाक्यांत मांडला, आणि सहमती कोठपर्यंत आहे ते पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकले. शब्द भरले २७४, आणि त्यांतला एकही भरतीचा नव्हता.

दुसरे लेखन हा या सेवेचा गाभा आहे. प्रत्येक तपासणीनंतर तोच प्रश्न, जुने उत्तर समोर न ठेवता, पुन्हा लिहावा लागतो, आणि हे दुसरे लेखन वीसांत मोजले जात नाही. म्हणजे प्रत्यक्षात चाळीस तपासण्या मिळतात. मोठ्या क्लासमध्ये आम्ही दर आठवड्याला नवा विषय आणि नव्या चुका करत पुढे जात होतो. येथे जुनी चूक सुटेपर्यंत पुढचा विषय मिळत नाही.

व्याकरणाच्या चुकांना बाई लांबलचक स्पष्टीकरण देत नाहीत, मराठीतला उगम तेवढा सांगतात. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१४ पासून’ या दोन्हींत आपल्याला एकच ‘पासून’ चालतो, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे ‘सिन्स’ घालतो आणि ‘फॉर’ विसरतो. ‘माहिती’चे अनेकवचन आपण करत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ला शेपूट लागत नाही, मात्र ‘सल्ला’चे ‘सल्ले’ होतात, म्हणून ‘ॲडव्हाइस’ हमखास चुकतो. ‘चर्चा करणे’ला ‘विषयी’ लागते, म्हणून ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाऊट’ येऊन बसतो. अशा चुकांची माझी यादी अठरा नोंदींची झाली, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मी तिच्याव्यतिरिक्त काहीही वाचले नाही.

आता उणिवा. सर्व सराव हस्तलिखित आहे, आणि मी परीक्षा संगणकावर देणार होतो. संगणकावर शब्दसंख्या आपोआप दिसते, मजकूर उचलून वरखाली हलवता येतो, पण शुद्धलेखनाची चूक कोणी दाखवून देत नाही; या तिन्ही गोष्टींमुळे लिहिण्याची रीतच बदलते. मी तिसऱ्या आठवड्यात टंकलिखित उत्तरे पाठवू का असे विचारले, तेव्हा परवानगी मिळाली ती शेवटच्या चारच लेखनांसाठी. परिणामी टंकनाचा वेग मला स्वतंत्रपणे वाढवावा लागला. दुसरी उणीव पत्रांच्या वाटणीत आहे: आठांपैकी सात पत्रे औपचारिक किंवा अर्धऔपचारिक होती आणि मित्राला लिहिण्याचे एकच. जेथे सैल, बोलके इंग्रजी लागते तेथेच मराठी माध्यमाचा विद्यार्थी अवघडतो, त्यामुळे हे प्रमाण मला उलटे वाटले. गुण देण्यातही बाई हात आखडता घेतात. शेवटपर्यंत मला ६.५ च्या वर एकदाही मिळाले नाहीत, आणि परीक्षेला दहा दिवस उरले असताना हे मनोधैर्याला फारसे पोषक नसते. मधल्या काळात कुतूहल म्हणून बाईंनी तपासलेला एक निबंध मी एका मोफत ॲपला दाखवला, तेव्हा त्याने ८ दिले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन परिच्छेदांची अदलाबदल करून दाखवला, तरी ८ च. त्यानंतर ते ॲप मी काढून टाकले.

ज्यांचे व्याकरण अगदी प्राथमिक अवस्थेत आहे त्यांनी येथे येऊ नये, कारण वाक्यरचना मुळापासून शिकवण्याचे काम ही सेवा करत नाही. शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना जो ॲकॅडेमिक प्रकार द्यावा लागतो, त्यात पत्राऐवजी आलेख, तक्ता किंवा आकृती यांचे वर्णन असते. त्याची तपासणी बाई घेत नाहीत. आणि ज्यांना केवळ नमुना उत्तरे वाचायची आहेत त्यांनी पैसे खर्च करण्याचे कारण नाही. केंब्रिजच्या छापील सरावपुस्तकांत परीक्षकांच्या टिप्पणीसह नमुने असतात आणि ती ग्रंथालयांतही मिळतात. श्रवण आणि वाचन ठीक आहे, संभाषणही जमते, पण लेखन मात्र साडेसहावर येऊन अडते, अशांसाठी सहा हजार रुपये मला वाजवी वाटले.

दुसऱ्या प्रयत्नात लेखनात ७ मिळाले. त्यातला किती वाटा सेवेचा आणि किती प्रश्नांच्या सोपेपणाचा, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पत्र गैरहजेरीबद्दल व्यवस्थापकाला लिहायचे होते, आणि तसे माझे पत्र हिरव्या शाईखालून दोनदा गेलेले होते.

पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एका वेळी पंधराच विद्यार्थी घेतले जात असल्यामुळे मला पाच आठवडे थांबावे लागले होते, तेव्हा परीक्षेची तारीख त्यानंतरच ठरवावी. आणि उरलेली लेखने दुसऱ्याच्या नावे होत नाहीत: माझा एक निबंध शिल्लक आहे, तो धाकट्या भावाला वापरता येईल का असे मी विचारले होते, त्यावर नकार आला. त्याने स्वतंत्र नाव नोंदवले असून त्याचा क्रमांक दिवाळीनंतरचा आहे.