लाकडी सांगाड्याचं दुकान: अकरा महिने आणि एक पावसाळा

कुडाळजवळ महामार्गाला लागून आमचं काजू, कोकम, आंबापोळी, पापडाचं दुकान आहे. जुना गाळा पत्र्याचा होता. मे महिन्यात गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेर पडायचं. गेल्या पाडव्याला आम्ही सहाशे चौरस फुटांच्या नव्या दुकानात आलो. खांब, तुळया, वासे सगळं लाकडाचं. जोतं आणि कमरेएवढी भिंत जांभ्याची, त्यावर फळ्या. विजेचं बिल कमी व्हावं म्हणून हा खटाटोप. मे महिन्यात ते झालं, जुलैत उलट वाढलं.

आधी छपराबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे गेले आणि तेच वसूल झाले. मंगलोरी कौलं, त्याखाली दोन इंचांची हवेची पोकळी, मग चकचकीत फॉइल, दोन इंच रॉकवूल (उष्णता अडवणारा दगडी तंतूंचा थर) आणि आतून फणसाच्या फळ्यांचं छत. आढ्यापाशी गरम हवा निघून जायला फट ठेवली आहे, वळचण चार फूट बाहेर काढली आहे. जुन्या गाळ्यात दोन एसी दिवसभर घुरघुरायचे. इथे दीड टनाचा एकच आहे आणि तोही बारा ते चार. बाकी वेळ सहा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, हा 30 च्या. मे महिन्याचं बिल 910 युनिटांवरून 560 वर आलं. याचं सगळं श्रेय लाकडाला देऊ नका. विटेच्या मानाने लाकडातून उष्णता चार-पाच पट कमी जाते हे खरं, पण इंचभर फळी किती अडवणार? खरं काम पोकळीने आणि वळचणीने केलं.

महामार्गावरून माल दिसावा म्हणून पश्चिमेला मोठी काच बसवली, हा हट्ट माझा. आर्किटेक्ट नको म्हणत होत्या. चार वाजल्यापासून ऊन थेट काउंटरवर. आंबापोळीच्या पाकिटांना घाम फुटायला लागला तेव्हा बांबूची चिक टाकली, म्हणजे माल दिसायचा तो दिसेनासाच झाला.

आता पावसाळा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुन्या गाळ्यात दार सताड उघडं असायचं, काजू सादळायचा, तो तोटा आम्ही कधी विजेच्या हिशेबात धरलाच नाही. नव्या दुकानात शहाणपणा करून सगळं बंद ठेवलं आणि एसी दिवसभर ड्राय मोडवर, म्हणजे हवेतला ओलावा काढायला. पण फळ्यांच्या सांध्यांतून बाहेरची दमट हवा येतच होती. फुटक्या रांजणात पाणी ओतण्यातला प्रकार! जुलैत 740 युनिटं, जुन्या गाळ्यापेक्षा जास्त. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं तर काटा 85 टक्क्यांच्या खाली उतरेना.

मग एक दिवस लक्षात आलं की फ्रीजरमागच्या फळीवर ठेवलेले पापड कुरकुरीत आहेत. कंप्रेसरची ऊब! ऑगस्टमध्ये मागची सहा बाय दहाची खोली वेगळी काढली, आतून सांध्यांना पट्ट्या ठोकल्या, दाराला रबर लावलं, फ्रीजर आणि एक छोटा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) आत ठेवला. काजू, पापड, आंबापोळी सगळं तिथे. पुढचं दुकान मोकळं, खिडक्या उघड्या, पंखे चालू. खोलीत आर्द्रता 60 च्या आत राहते आणि सप्टेंबरचं बिल 480 वर आलं. नव्याने बांधणाऱ्याने ही कोरडी खोली नकाशातच काढून घ्यावी, आमच्यासारखी मागाहून ठोकाठोक करू नये.

लाकडाचं सांगायचं तर अर्धं जुन्या पाडलेल्या घराचं आहे, अर्धं नवं. जुन्या तुळया तसूभर हलल्या नाहीत. नवं ऐनाचं लाकूड मात्र पुरतं वाळलेलं नव्हतं. मेस्त्री म्हणाले होते, "लाकूड अजून ओलां आसा, घाय करू नकात." मला पाडवा गाठायचा होता. आता दोन खांबांना उभ्या चिरा आहेत. वजनाला धोका नाही म्हणतात, पण येणारा प्रत्येक जण आधी तिथेच बोट घालतो. ओलावा मोजायचं पिनांचं मीटर दोन हजारांच्या आसपास मिळतं, ते तेव्हाच घ्यायला हवं होतं. वाळवीसाठी आतल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजलं. बाहेर ते चालत नाही, पावसात धुऊन जातं. खांब जोत्यावर लोखंडी बुटात उभे आहेत, जमिनीपासून दीड फूट वर. अजून वाळवीचा माग दिसलेला नाही.

कागदपत्रांचा वेळ वेगळा धरा. साग, ऐन, किंजळ, फणस ही सगळीच झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी परवानगी लागते. विम्याचा अनुभव तर विचारू नका. फळ्यांची भिंत म्हणून एका कंपनीने आमचं दुकान 'कच्चं बांधकाम' ठरवलं. आठ इंची ऐनाचा खांब कच्चा! जाड लाकूड बाहेरून कोळसा होत आत सावकाश जळतं, अर्ध्या तासात दोनेक सेंटिमीटर, हे समजावून पाहिलं. हप्ता काही कमी झाला नाही. वायरिंग सगळं नळीतून घेतलं, दोन अग्निशामक टांगले.

सोलर कौलांवर न बसवता पार्किंगच्या शेडवर 3 किलोवॅटचं बसवलं. घरगुती ग्राहकांची सबसिडी दुकानाला मिळत नाही. उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटं देतं, पावसात नावापुरतं.

खर्च आरसीसीपेक्षा सुमारे पाव पट जास्त आला. पुन्हा बांधेन का? बांधेन, फक्त पश्चिमेची काच सोडून. आणि दर्शनी दार जुलैत फुगलं म्हणून मी रंधा मारून घेतला, तेही मेस्त्रींचं न ऐकता. आता फेब्रुवारीत तिथे करंगळी जाईल एवढी फट आहे. सध्या तिच्यात सायकलची जुनी ट्यूब कापून ठोकली आहे.