क्रूझवर रात्रीचं जेवण: ठरलेली वेळ घ्यावी की मोकळी?

क्रूझचं बुकिंग करताना खिडकी की बाल्कनी यावर घरात आठवडाभर चर्चा होते. शेवटी रात्रीच्या जेवणाची वेळ निवडायची पाळी आली की 'मोकळी वेळच बरी' म्हणून टिचकी मारली जाते. सुट्टीत घड्याळ कशाला, हा विचार मला पटतो. पण बरोबर शाकाहारी माणसं असतील, आई-वडील असतील, तर जरा थांबा.

ठरलेल्या पद्धतीत मुख्य डायनिंग रूममध्ये दोन पंगती उठतात. पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुसरी आठ-सव्वाआठला. रोज तेच टेबल आणि तेच वेटर. मोकळ्या पद्धतीत साधारण सहा ते साडेनऊच्या दरम्यान केव्हाही जायचं आणि मिळेल त्या टेबलावर बसायचं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर तिला 'माय टाइम डायनिंग' म्हणतात, कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर 'युवर टाइम'. नॉर्वेजियन कंपनीने 2000 साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणून ठरलेल्या पंगतीच बंद केल्या, त्यामुळे तिथे निवडायचा प्रश्न येत नाही. पैशांचा फरक म्हणाल तर तो नाही. मुख्य डायनिंग रूमचं जेवण तिकिटातच धरलेलं असतं.

फरक पडतो तो वेटरमुळे. सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो तेव्हा आई बरोबर होती. सत्तरी ओलांडलेली, अंडंसुद्धा न खाणारी. पहिल्या रात्री तिने ब्रेड आणि फळांवर भागवलं. आमचा वेटर मडगावचा निघाला (गोव्याची कितीतरी माणसं या जहाजांवर नोकरीला असतात). तो कोकणीत बोलला, आईने मालवणीत उत्तर दिलं आणि काय चालतं, काय नाही याची सगळी यादी त्याला ऐकवली. त्याने हेड वेटरला बोलावून दुसऱ्या दिवशीचं वरण-भात आणि भेंडीची सुकी भाजी नोंदवून घेतली. तिसऱ्या रात्री आम्ही पोचायच्या आधीच आईच्या जागेवर दह्याची वाटी होती आणि बशीत लिंबाची फोड, उभ्या चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या. मिरची कुणी मागितली नव्हती. आदल्या रात्री आईने 'तिखट काही नाही का' म्हटलेलं त्याने लक्षात ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका जहाजावर आम्ही मोकळी वेळ घेतली. रोज नवं टेबल, रोज नवा वेटर आणि रोज पहिल्यापासून सांगणं. एका रात्री भाजीचं म्हणून आलेलं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं होतं. आईने दोन चमचे घेतल्यावर ते कळलं. ती काही बोलली नाही, पण उरलेले दिवस डायनिंग रूममध्ये आली नाही. मला ते अजून लागून राहिलंय.

यात स्वयंपाकघराचीही अडचण समजून घ्यायला हवी. मेन्यूबाहेरचा पदार्थ बहुतेक आदल्या रात्री सांगावा लागतो, आणि तो कुठल्या टेबलावर, किती वाजता जाणार हे पक्कं असलं की चुका कमी होतात. जैन जेवण तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं. रॉयल कॅरिबियनने 2014 साली 'क्वांटम ऑफ द सीज' या जहाजावर मोठी डायनिंग रूमच काढून तिची चार छोटी रेस्तराँ केली, जिथे हवं तिथे जा म्हणून. दोनेक वर्षांत ते गुंडाळून पुन्हा जुन्या पद्धतीवर यावं लागलं.

तरीही मोकळी वेळ घ्यावी असे प्रवास आहेतच. भूमध्य समुद्रातलं घ्या. रोम बघायचं तर जहाज चिव्हितावेक्किया बंदराला लागतं आणि तिथून जायला-यायला प्रत्येकी सव्वा-दीड तास मोडतो. परत येऊन सहाच्या पंगतीला धावायचं म्हणजे शिक्षाच. दोघंच असाल, सगळं खात असाल, तर मोकळी वेळ डोळे झाकून घ्या. फक्त सात-साडेसातला दारात रांग लागते. दोघाचौघांना टेबल पटकन मिळतं, दहाजणांच्या गोतावळ्याला ताटकळावं लागतं. मधला मार्गही आहे: क्रूझ कंपनीच्या अ‍ॅपवर रोजची एकच वेळ राखून ठेवायची आणि पहिल्या रात्री आवडलेला वेटरच मागायचा. जागा असेल तर देतात. डिस्नेच्या जहाजांवर रोज रेस्तराँ बदलतं, पण वेटर तुमच्याबरोबर फिरतात. लहान मुलं असतील तर मला ही सगळ्यांत सुंदर सोय वाटते.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाची गोष्ट वेगळी. तिथे भारतीय आणि जैन जेवण मुळातच असतं, त्यामुळे वेळेचा एवढा विचार करायला नको.

ठरलेली वेळ घेतलीत तर पहिली पंगत की दुसरी? सहा वाजता आपल्याकडे चहा-पोह्यांची वेळ, म्हणून मी दुसरी सुचवेन. मात्र घरात मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर पहिलीच घ्या. दुसऱ्या पंगतीत मुख्य पदार्थ समोर येईपर्यंत सहज पावणेनऊ होतात. पहिली पंगत लवकर भरते. मिळाली नाही तर जहाजावर चढल्या दिवशी दुपारीच डायनिंग रूमच्या दाराशी जा. वेळा आणि टेबलं बदलून द्यायला तेव्हा तिथे माणूस असतो. नुसत्या आपल्याच कुटुंबाचं टेबल हवं असेल तर तेही त्याच वेळी सांगा, नाहीतर अनोळखी लोकांबरोबर बसवतात.