बेसबॉलचा स्कोअर: वहीत की अ‍ॅपवर?

अ‍ॅपवर बेरीज चुकत नाही, फलंदाजाची सरासरी लगेच दिसते. मुलांच्या संघाचा हंगामभराचा हिशेब ठेवायचा असेल तर अ‍ॅपच घ्या.

पण स्टेडियममध्ये बसून सामना जगायचा असेल, तर वही आणि पेन्सिलच. १९व्या शतकात क्रीडा पत्रकार हेन्री चॅडविक यांनी रुजवलेल्या पद्धतीतूनच आजच्या खुणा आल्या. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६. ‘६-४-३’ एवढं लिहिलं की शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसमनकडे, तिथून फर्स्ट बेसमनकडे गेलेला चेंडू आणि बाद झालेले दोन गडी वर्षांनंतरही डोळ्यांपुढे येतात. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, त्याची खूण इंग्रजी ‘के’ (K). बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक गेला, तर हा ‘के’ उलटा काढतात. माझी सगळ्यात लाडकी खूण! अ‍ॅपवर बटण शोधेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असतो.