अँग्झायटीसाठी गोळ्या की सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी)?

ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड, म्हणून मैत्रीण विचारतेय सायकियाट्रिस्ट (गोळ्या देणारे डॉक्टर) की थेरपिस्ट. खर्चात गोळ्या स्वस्त पडतात, सरकारी ओपीडीत तर अजूनच, थेरपीला मात्र दर सेशनचे पैसे आणि साधारण 12 ते 20 सेशन्स. असर म्हणाल तर एसएसआरआयला (अँग्झायटीवरच्या नेहमीच्या गोळ्या) 2 ते 6 आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होते, कधी घबराट वाढते पण, आणि मनाने बंद करायच्या नाहीत. व्यसनाची भीती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, एसएसआरआयची नाही (शेजारच्या काकू काहीही सांगोत). सीबीटीत होमवर्क असतो, कंटाळा येतो, पण शिकलेलं नंतरही कामी येतं. झोप, जेवण, ऑफिस सगळंच बिघडलंय तर आधी सायकियाट्रिस्ट, रोजचं चाललंय पण विचार थांबत नाहीत तर सीबीटी, दोन्ही एकत्रही चालतं. ठरतच नसेल तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.