चौकोनी काचपेटीसाठी जिग : पावसाळा धरून काही महिन्यांच्या वापरानंतर

रंगीत काचेला कॉपर फॉइल गुंडाळून, डाख देऊन चौकोनी पेट्या करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. जिगची, म्हणजे जोडताना काचा काटकोनात धरणाऱ्या साच्याची, रचना अगदी साधी. सनमायका लावलेला १२ मिमी प्लाय आणि त्यावर काटकोनात स्क्रूने पक्क्या केलेल्या २५ मिमी ॲल्युमिनियम अँगलच्या दोन पट्ट्या, बस. पण एक गोष्ट आधीच सांगतो. जिग कोपरा काटकोनात धरतो, काच सारखी कापून देत नाही. समोरासमोरच्या बाजूंत अर्ध्या मिमीचा फरक असला तरी शेवटचा कोपरा नीट मिटत नाही, आणि तो दाबून मिटवला की पेटी तिरकी होते. म्हणून फॉइल लावण्याआधी चारही बाजू एकत्र उभ्या धरून कडांवरून बोट फिरवा. जी बाजू बोटाला लागेल ती ग्राइंडरवर घ्या.

आतून १०० मिमीची पेटी घेऊ. काच ३ मिमी जाड, चारही बाजू १०० × ६०, तळ ९९ × ९९. बाजूंच्या फक्त आतल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. मग बाहेरून कोपऱ्यात ३ मिमीची खाच राहते, ती सोल्डरने भरली की गोलसर, भक्कम कोपरा मिळतो. नेमकी इथेच गडबड होते. एक काच सरकून थेट पट्टीला टेकते, सांधा आडवा-उभा होतो आणि ती बाजू ३ मिमीने चुकते. उपाय स्वस्त आहे. जिगच्या कोपऱ्यात ३ × ३ मिमीची लाकडी काडी उभी ठेवा आणि दोन्ही काचांची टोकं तिला टेकवा. पोताची काच जाड असेल तर काडीही तेवढीच जाड हवी. या एका काडीने जिगचा उपयोग दुप्पट होतो, तरी विकत मिळणाऱ्या जिगबरोबर ती सहसा येत नाही.

टाके, म्हणजे काचा तात्पुरत्या धरून ठेवणारे सोल्डरचे ठिपके, आतून मारायचे, एक वरच्या कडेजवळ आणि एक तळापासून सेंटिमीटरभर वर. अशा दोन जोड्या तयार झाल्या की एक जिगमध्ये ठेवून दुसरी समोरून आणायची. उरलेल्या दोन कोपऱ्यांना टाके मारण्याआधी तळाची काच आत सोडा. चारही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. मग कर्ण मोजा. १०० मिमीच्या पेटीचे दोन्ही कर्ण आतून १४१ च्या आसपास यायला हवेत. दोहोंत १ मिमीचा फरक म्हणजे काटकोन जवळपास ०.४ अंशाने गेला. टाका पुन्हा वितळवून तेव्हाच सुधारा, शिवण (कोपऱ्याचा पूर्ण सांधा) सोल्डरने भरल्यावर काही करता येत नाही.

पूर्ण शिवण जिगमध्ये भरू नका. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं, सोल्डर गार पडतं आणि खडबडीत थर बसतो. पेटी बाहेर काढून कोपरा वर येईल अशी ४५ अंशांत टेकवा. शिवण आडवी नसेल तर सोल्डर एका टोकाला ओघळतं. आतून मास्किंग टेप चिकटवा, खाच आधी ५०/५० सोल्डरने (कथिल आणि शिसं निम्मं-निम्मं) भरा आणि वरचा गोलवा ६०/४० ने (कथिल ६०, शिसं ४० टक्के) द्या. ५०/५० पूर्ण वितळायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे वरून ६०/४० फिरवताना खालचा भराव आत गळण्याची शक्यता कमी. ६० मिमीच्या एका कोपऱ्याला ४-५ ग्रॅम सोल्डर लागतं, चार कोपऱ्यांना वीसेक ग्रॅम धरून चला. एकाच जागी सोल्डरिंगची इस्त्री रेंगाळली तर काच तडकते. अर्धी शिवण भरा, हाताला सोसेल इतकी गार होऊ द्या, मग उरलेली.

टिकाऊपणाबद्दल. ॲल्युमिनियमला साध्या फ्लक्सने (सोल्डर धातूला धरावं म्हणून लावतात ते रसायन) सोल्डर चिकटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पितळी पट्टी असती तर पेटी तिलाच जोडली गेली असती. पण फ्लक्समधला झिंक क्लोराइड ॲल्युमिनियमला खातो, पांढरी भुकटी धरते, म्हणून काम संपलं की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. सनमायकाखालचा प्लाय पावसाळ्यात कडांनी किंचित फुगला. कडांना वॉर्निश आधीच लावायला हवं. एमडीएफचा पाट तर घेऊच नका. स्क्रू हळूहळू सैल होतात, त्यामुळे अधूनमधून सुताराचा गुण्या लावून पाहा. आणि प्रत्येक पेटीआधी कोपरा ब्रशने झाडा. सोल्डरचा एक मणी काचेखाली राहिला की ती बाजू वर उचलली जाते आणि पुढे झाकण डुगडुगतं.

सरकत्या पट्टीचे, विंगनटवाले जिगही मिळतात. ते मापं बदलायला सोयीचे, पण नट आवळताना कोन हलतो. चौकोनी पेट्याच करायच्या असतील तर पक्क्या पट्ट्यांचाच घ्या. वर्षाकाठी एखादी पेटी करणाऱ्याला दोन गुण्ये आणि दोन क्लॅम्प पुरतात. झाकणाला मात्र कुठलाच जिग कामाचा नाही. ते पेटी पूर्ण झाल्यावर बाहेरून मोजून, मागे बिजागरीच्या नळीची जाडी वजा करूनच कापावं लागतं.