बोरिस गोदुनोव: १९२८चा लाइव्ह शल्यापिन की १९५२चा ख्रिस्तॉफ?

रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीचा ऑपेरा 'बोरिस गोदुनोव' ऐकायचाय पण सुरुवात कुठल्या रेकॉर्डिंगने करू, असं विचारणाऱ्याला अर्धे लोक डोळे झाकून रशियन गायक शल्यापिनचं १९२८चं सांगतात, आणि मग तो बिचारा पाच मिनिटं खरखर ऐकून बंद करतो.

आधी एक क्लिअर करू. ४ जुलै १९२८चं लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधलं रेकॉर्डिंग म्हणजे अख्खा ऑपेरा नाहीच, चालू प्रयोगातले काही तुकडे आहेत, ते पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर, म्हणजे एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं. त्यात गंमत अशी की शल्यापिन रशियनमध्ये गातोय आणि बाकी मंडळी इटालियनमध्ये! कंडक्टर विन्चेन्झो बेलेझ्झा. त्यामुळे कथा समजून घ्यायला हे घेऊ नका, काही हाती लागणार नाही.

पण घड्याळाचा सीन... तिथे बाकी सगळे मागे पडतात. ज्या लहानग्या राजपुत्र दिमित्रीच्या खुनाचं ओझं झार बोरिसच्या मनावर आहे, त्याचंच भूत त्याला कोपऱ्यात दिसतं, तिथे शल्यापिन सूर जवळजवळ सोडूनच देतो, अर्धं बोलतो, धापा टाकतो, 'चूर, चूर' म्हणून त्या पोराला हाकलतो, आणि ऑर्केस्ट्रा आपला त्याच्या मागे मागे. स्टुडिओत माइकसमोर उभं राहून हे असं होत नाही हो. काही जणांना हा अतिअभिनय वाटतो, तेही पटण्यासारखं आहे, नोटेशन समोर ठेवून ऐकलंत तर चिडचिड होईल.

बोरिस ख्रिस्तॉफचं १९५२चं पॅरिसमधलं रेकॉर्डिंग एकदम वेगळं प्रकरण. स्टुडिओ, मोनो (एकाच चॅनेलचं), पण आवाज स्वच्छ, कंडक्टर इसाय दोब्रोवेन, आणि ग्रिगोरीच्या, म्हणजे दिमित्री असल्याचं सोंग घेणाऱ्या तरुण साधूच्या, भूमिकेत तरुण निकोलाय गेड्डा. ख्रिस्तॉफ बल्गेरियन, आणि पठ्ठ्या यात तीन रोल गातो: बोरिस, म्हातारा साधू पिमेन, दारुडा भटका साधू वारलाम. ऐकायला स्टंट वाटतो ना? पण शेवटच्या सीनमध्ये म्हातारा पिमेन दिमित्रीच्या कबरीवरचा चमत्कार सांगतो आणि ते ऐकून बोरिस कोसळतो, तिथे सांगणारा आणि कोसळणारा एकच गळा आहे हे लक्षात आलं की काटा येतो अंगावर. पिमेनसाठी त्याने आवाज हलका, कोरडा केलाय. वारलाम मात्र मला जरा ओढूनताणून वाटतो.

दोन्हीकडे संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने नंतर गुळगुळीत केलेली आवृत्ती आहे हं. मुसॉर्गस्कीची मूळ रांगडी वाद्यरचना हवी असेल तर कंडक्टर गेर्गीएव्हचा पाच सीडींचा सेट बघा, त्यात १८६९ आणि १८७२ दोन्ही आवृत्त्या आहेत.

मला विचाराल तर पैसे आणि तीन तास ख्रिस्तॉफवर घालवा, सोबत लिब्रेटोचं, म्हणजे ऑपेराच्या संहितेचं, भाषांतर उघडं ठेवा, आणि घड्याळाचा सीन झाला की तिथेच थांबवून तोच सीन १९२८चा लावा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकलेल्या कानांना खरखरीची सवय असतेच. फक्त १९२८ची फार 'साफ' केलेली कॉपी घेऊ नका, खरखरीबरोबर आवाजाची धारही जाते, थोडी खरखरणारी परवडली.