मूत्रपिंडाच्या स्लाइड्सचा संच: काचा झकास, पुस्तिका बाजूला ठेवा

‘मूत्रपिंडाची जन्मानंतरची वाढ’ नावाचा दहा स्लाइड्सचा हा संच मी गेलं सत्रभर प्रात्यक्षिकाला वापरला. रॅट, म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर, त्याची 1, 7, 14 आणि 21 दिवसांची पिल्लं आणि एक प्रौढ प्राणी. प्रत्येक वयाच्या दोन काचा, एक एच अँड ई (पेशींची केंद्रकं निळी, बाकी गुलाबी करणारी नेहमीची रंगाई), दुसरी पीएएस (साखरयुक्त थर किरमिजी करणारी). पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे सांगते.

पहिल्या दिवसाची एच अँड ई काच लावली आणि मी चहा विसरले. आवरणाच्या अगदी खाली गडद निळा पट्टा, त्यात इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या कोवळ्या नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्र तयार करणाऱ्या सूक्ष्म एककांच्या, आकृती. जरा आत सरकलं की आधी तयार झालेले ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ. जुने आत, नवे बाहेर, झाडाच्या खोडासारखं. कोवळ्या ग्लोमेरुलसमध्ये पोडोसाइट, म्हणजे या केशवाहिन्यांवर बसणाऱ्या, पेशी ठोकळ्यांसारख्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या दिसतात. प्रौढ काचेत त्याच पेशी पसरून केशवाहिन्यांना बिलगलेल्या. त्यांचे पाय, म्हणजे पेशीचे बारीक फाटे, मात्र साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत, तो दोष संचाचा नाही. या पेशी एकदा घडल्या की सहसा विभागत नाहीत, हे मुलांना सांगायला याहून सोपी जागा नाही.

सातव्या दिवशी निळा पट्टा जवळपास गायब. वाढ मात्र थांबलेली नाही. कॉर्टेक्समधल्या (मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरातल्या) नलिकांत विभागणाऱ्या पेशी सापडतात, शोधायला लावा, पोरं तासभर गप्प बसतात. पीएएसच्या काचा ओळीने पाहिल्या तर प्रॉक्सिमल नलिकेची (ग्लोमेरुलसनंतरच्या पहिल्या भागाची) गुलाबी ब्रश बॉर्डर, म्हणजे पेशींची शोषून घेणारी झालरीसारखी कड, वयाबरोबर ठसठशीत होत जाते. नलिका लांबते, पेशीला शोषणाचं काम अंगवळणी पडतं. रंगाई एकसारखी आहे, पाचही पीएएस काचांत किरमिजी छटा तीच. हे जमवणं किती कठीण असतं ते स्वतः रंगवणाऱ्यालाच ठाऊक.

आता तक्रार. 14 दिवसांच्या दोन्ही काचांत काप तिरका गेलाय आणि पॅपिला, म्हणजे मूत्रपिंडाचं आतलं निमुळतं टोक, त्यात आलेलंच नाही! खरी गंमत तिथेच होती. नुकत्याच जन्मलेल्या रॅटमध्ये हेन्लेच्या लूपचा (नेफ्रॉनच्या आत उतरून परत वर वळणाऱ्या नलिकेचा) वर चढणारा भाग पॅपिलाच्या टोकापर्यंत जाडच असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिथल्या बऱ्याच पेशी ठरवून मरतात, उरलेल्या चपट्या होतात आणि पातळ नलिका तयार होते. मूत्र घट्ट करण्याची ताकद वाढते ती याच काळात. वाढ म्हणजे नुसती भर नव्हे, छाटणीही, हे दाखवायला ही काच हवी होती. मी फळ्यावर खडूने काढून दाखवलं. 21 दिवसांच्या काचेत पॅपिला आहे, पण तोवर नाटक संपलेलं असतं.

पुस्तिकेबद्दल काय बोलू. ‘जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत राहतात’ असं ठळक अक्षरांत छापलंय, कोणाचे ते नाही. रॅटमध्ये साधारण पहिला आठवडा-दहा दिवस, हे खरं. पूर्ण दिवसांच्या मानवी बाळात हे काम गर्भातच, 36 व्या आठवड्याच्या आसपास आटोपतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात काही आठवडे चालतं, तेवढंच. जन्माला येताना जेवढे नेफ्रॉन, एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या घरात, तेवढ्याच भांडवलावर आयुष्य काढायचं. पुढे नेफ्रॉन मोठे होतात, संख्या वाढत नाही. बाळाची गाळण्याची क्षमता, शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरूनही, मोठ्या माणसाच्या पातळीला यायला दीड-दोन वर्षं लागतात, ती याच वाढीतून. पुस्तिका वाचून माझ्या एका विद्यार्थिनीने जर्नलमध्ये ‘बाळाचे नेफ्रॉन वर्षभर वाढतात’ असं लिहिलं. गुण कापताना माझाच हात अडखळला.

लेबलं कागदाची आहेत, तेल लागलं की शाई पसरते. आल्याबरोबर काचेवर हिरकणीने वय कोरून घ्या.

14 दिवसांच्या काचा बदलून मागितल्या आहेत. संच पाठवणाऱ्यांनी कापाचा फोटो मागितला, मी पाठवला. उत्तर आलं, ‘काप छान दिसतोय.’